रस्ता कोणाच्या सातबाऱ्यातून?

मनसरहून खवाशाकडे जाताना राष्ट्रीय महामार्ग ४४ नऊ ठिकाणी जमीन सोडून खांबांवर चढतो. गाडीत बसलेल्याला ते जाणवतही नाही. कठड्यापलीकडे सागाचे शेंडे एकदम डोळ्यांच्या पातळीवर येतात, एवढाच काय तो फरक. खाली मात्र वेगळाच व्यवहार चाललेला असतो. खांबांमध्ये मोकळी माती, वाळलेला पाचोळा, कुठे ओढ्याची रेघ, गुरांच्या खुरांचे ठसे, आणि डोक्यावरून ट्रक गेला की सांध्यावर होणारा धडधडाट. डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेने मार्च ते डिसेंबर २०१९ या काळात या नऊ बांधकामांखाली ७८ कॅमेरे लावले. १८ जातींचे वन्यप्राणी रस्त्याखालून ये-जा करताना टिपले गेले. त्यांत ११ वेगवेगळे वाघ होते आणि त्यांच्या ८९ नोंदी झाल्या.

या आकड्यांचे पुढे फार कौतुक झाले, आणि ते रास्तही होते. यातला एक भुयारी मार्ग तब्बल ७५० मीटर लांबीचा आहे. प्राण्यांसाठी म्हणून एवढे मोठे बांधकाम जगातही क्वचितच सापडते. पण आता कुठल्याही जंगलातल्या रस्त्याचा विषय निघाला की पेंचचा दाखला पुढे केला जातो: भुयारी मार्ग बांधा, वाघ जातो, प्रश्न मिटला. हा दाखला देताना एक गोष्ट सोयीस्करपणे गाळली जाते. पेंचमध्ये हे खांब सुरुवातीला कोणाच्याच मनात नव्हते. रस्ता दुसरीकडून न्यायचा का, हा मूळ प्रश्न होता. त्याचे उत्तर न्यायालयांत आणि फायलींत अडकून पडले, आणि सरतेशेवटी तडजोड म्हणून ही बांधकामे आली.

हा रस्ता तेव्हा राष्ट्रीय महामार्ग ७ म्हणून ओळखला जाई. वाराणसीपासून कन्याकुमारीपर्यंतचा हा देशातला सर्वांत लांब महामार्ग. उत्तर-दक्षिण जोडरस्त्याचा भाग म्हणून त्याचे चौपदरीकरण सुरू झाले आणि मध्ये आड आले पेंच. महाराष्ट्राच्या बाजूला मनसर-देवलापार, मध्य प्रदेशात खवासा, कुरईचा घाट आणि पुढे सिवनी. इथूनच पेंच आणि कान्हा या दोन व्याघ्रप्रकल्पांमधला वाघांचा भ्रमणमार्ग जातो. दोन्ही टोकांना चौपदरी काम होत आले तरी मधला जंगलातला तुकडा दुपदरीच राहिला, आणि खड्ड्यांनी त्याची चाळण झाली.

वन्यजीव संघटनांनी सुचवलेला पर्याय साधा होता. नागपूरहून सावनेर, छिंदवाडा असा रस्ता आधीच होता. लांब पल्ल्याची वाहतूक तिकडून वळवावी, तोच रस्ता रुंद करावा आणि पेंचमधल्या रस्त्याला हात लावू नये. सर्वोच्च न्यायालयाच्या केंद्रीय अधिकार समितीपुढे यावर बराच खल झाला. पण सिवनीकरांना यात वेगळेच दिसले. आपल्या गावातून जाणारा महामार्ग उचलून शेजारच्या जिल्ह्यात नेला जातो आहे, आणि त्याबरोबर धंदा, ढाबे, गॅरेज, गावाचे महत्त्व सगळेच जाणार. त्यात केंद्रातले तेव्हाचे रस्तेमंत्री कमल नाथ हे छिंदवाड्याचेच खासदार. मग वाघाचा प्रश्न बाजूला राहून दोन जिल्ह्यांची चुरस सुरू होणार हे उघडच होते. सिवनीत रस्त्यासाठी आंदोलने झाली. रस्त्याच्या दुरवस्थेची मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दखल घेतली. २०१५ मध्ये महाराष्ट्राच्या हद्दीत झाडतोड सुरू होताच प्रकरण राष्ट्रीय हरित लवादात गेले. बांधकामे किती आणि त्यांची लांबी किती, यावर घासाघीस झाली. शेवटी महाराष्ट्राच्या बाजूला नऊ बांधकामे झाली. मध्य प्रदेशातला २९ किलोमीटरचा टप्पा २०२१ मध्ये खुला झाला. तिथे १४ भुयारी मार्ग आणि रस्त्याकडेला आवाज-उजेड अडवणाऱ्या उंच भिंती आहेत.

तेव्हा पेंचमधून दोन धडे निघतात, आणि ते एकमेकांशी जुळत नाहीत. पहिला, की नीट रुंद, नीट जागी बांधलेल्या वाटा प्राणी वापरतात. दुसरा, की पर्यायी मार्गाचा विचार तेव्हाच सुरू झाला, जेव्हा दोन्ही टोके बांधून होत आली होती. दुसरा धडा अधिक महत्त्वाचा आहे, आणि त्याचीच चर्चा कमी होते.

आखणीचे काम आधी कागदावर होते. सल्लागार कंपनी दोन-तीन मार्ग काढते, त्यांचा तक्ता मांडते: लांबी, खर्च, भूसंपादन, विस्थापित कुटुंबे, वनजमीन, पूल, बोगदे. वनखात्याकडे प्रस्ताव जातो तेव्हा पर्याय तपासल्याची नोंद लागतेच. पण यातला एखादा पर्याय नाकारण्यासाठीच काढलेला असतो, हे रस्त्याच्या कामात असलेले लोक खासगीत हसत सांगतात. जंगलातून जाणारी रेघ सरळ असते. जंगल टाळणारी रेघ वळसा घेते, पाच-सहा गावांच्या शेतांतून जाते, आणि तक्त्यात महाग दिसते.

ती महाग का दिसते, हे जरा जवळून पाहण्यासारखे आहे.

वनजमीन वळती करताना प्रकल्पाला ‘निव्वळ वर्तमान मूल्य’ भरावे लागते. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलेले दर हेक्टरी ४.३८ लाख ते १०.४३ लाख रुपये होते. २०२२ मध्ये ते ९.५७ लाख ते १५.९५ लाखांपर्यंत वाढले. अभयारण्यात याच्या पाचपट, राष्ट्रीय उद्यानात दहापट. ऐकायला जबर वाटते. आता हिशेब करून पाहा. अस्तित्वात असलेला रस्ता ३० मीटरने रुंद केला तर किलोमीटरमागे तीन हेक्टर जमीन लागते. सगळ्यांत वरचा दर आणि राष्ट्रीय उद्यानाचा दहापट गुणक लावला, तरी किलोमीटरला पावणेपाच कोटींच्या आसपास रक्कम होते. पर्यायी वनीकरणाचा खर्च वेगळा धरला तरी महामार्गाच्या अंदाजपत्रकात ही रक्कम उठून दिसत नाही.

शेतजमिनीचे गणित वेगळे आहे. २०१३ च्या भूसंपादन कायद्याप्रमाणे ग्रामीण भागात बाजारभावाच्या चौपटीपर्यंत मोबदला जातो, आणि २०१५ पासून राष्ट्रीय महामार्गांनाही हाच हिशेब लागू आहे. शेतकऱ्याच्या बाजूने हे न्याय्यच आहे. पैशापेक्षाही खरी अडचण वेगळी आहे. किलोमीटरभर रस्त्यात साठ-सत्तर सातबारे येतात, प्रत्येकावर चार-चार खातेदार, त्यातला एक मुंबईत, एक वारलेला, वारसनोंद झालेली नाही, विहिरीची नोंद राहिलेली, झाडांची मोजणी चुकलेली. मोजणीला भूमी अभिलेखचा माणूस आला की बांधावर गाव जमते. जंगलाचा सातबारा एकाच्या नावावर असतो: सरकार. मालक एक, हरकत एक, सही एक. कंत्राटाचे घड्याळ चालू असताना अधिकाऱ्याला कोणता मार्ग बरा वाटेल, हे सांगायला नको.

अर्थात जंगलातही माणसे राहतात. वनहक्क कायदा २००६ चा. त्यानुसार वनजमीन वळती करण्याआधी ग्रामसभेची संमती हवी असा नियम होता. फेब्रुवारी २०१३ मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने एका परिपत्रकाने रस्ते, कालवे, वीजवाहिन्या अशा लांबट प्रकल्पांना यातून सूट दिली. अपवाद ठेवला तो आदिम जमातींच्या हक्कांचा. म्हणजे शेताच्या बांधावर गाव जमू शकते, पण जंगलातल्या गावाच्या ग्रामसभेने नाही म्हटले तरी रेघ हलेलच असे नाही. सरळ रेघ जंगलातून जाते ती अशा सगळ्या छोट्या-मोठ्या सवलतींच्या बेरजेने.

या बेरजेतली सगळ्यांत फसवी संख्या म्हणजे ‘जादा किलोमीटर’. वळसा किती लांबचा, तेवढे इंधन, तेवढा वेळ, गुणिले रोजची वाहने. पण कोणाचे किलोमीटर? रस्त्यावरचा प्रत्येक माणूस टोकापासून टोकापर्यंत जात नसतो. वळशावरच्या गावांना तो वळसा नसतो, ती त्यांची वाट असते.

याचे आपल्याकडचे उत्तम उदाहरण रस्त्याचे नाही, रेल्वेचे आहे. अकोला-खंडवा हा जुना मीटरगेज मार्ग अकोटच्या पुढे मेळघाट व्याघ्रप्रकल्पातून जात असे. देशभर रुळांचे रुंदीकरण झाले तेव्हा याचीही पाळी आली. जुन्याच मार्गावर ब्रॉडगेज टाकले तर जंगलातून वेगवान गाड्या जाणार. वन्यजीव कार्यकर्त्यांनी जंगलाबाहेरची आखणी मांडली: अकोटवरून हिवरखेड, सोनाळा, जामोद असा वळसा घालून पुढे मध्य प्रदेशात. अंतर सुमारे तीस किलोमीटरने वाढते. पण वाढलेली रेल्वे संग्रामपूर, जळगाव जामोद या ज्या तालुक्यांतून जाते, तिथल्या लोकांना गाडी पाहायची तर अकोला, शेगाव किंवा मलकापूर गाठावे लागते. मेळघाटातल्या जुन्या स्थानकांवर प्रवासी किती होते? मूठभर. २०२१ मध्ये मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी रेल्वेमंत्र्यांना पत्र लिहून बाहेरच्या मार्गाचा आग्रह धरला, आणि पुढे रेल्वे त्या आखणीकडे वळली. इथे तीस किलोमीटर तोट्यात धरायचे की नफ्यात?

टांझानियातली गोष्ट याच जातीची, फक्त आकार अवाढव्य. २०१० मध्ये तिथल्या सरकारने व्हिक्टोरिया सरोवराकाठच्या मुसोमापासून अरुशापर्यंत जोडरस्त्याची योजना जाहीर केली. त्यातले सुमारे ५३ किलोमीटर सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यानाच्या उत्तर भागातून जाणार होते, म्हणजे नेमके तिथून, जिथून दरवर्षी लाखो वाइल्डबीस्ट केनियाच्या मसाई माराकडे जातात आणि परत येतात. उद्यानाच्या दक्षिणेला वळसा घालणारा पर्याय लांबचा होता, पण त्याच्या दोन्ही बाजूंना वस्ती कितीतरी दाट होती, शेती होती, बाजारपेठा होत्या. जागतिक बँकेने आणि जर्मनीने तिकडे मदतीची तयारी दाखवली. २०१४ मध्ये पूर्व आफ्रिकी न्यायालयाने उत्तरेकडच्या पक्क्या रस्त्याला मनाई केली. लोकांना रस्ता हवा होता हे खरेच होते. पण ज्यांना तो हवा होता त्यांतले बहुतेक दक्षिणेला राहत होते.

पोलंडमधल्या रोस्पुडा खोऱ्याची कहाणी मात्र कोणत्याच बाजूला सोपी नाही. वॉर्सामार्गे बाल्टिक देशांकडे जाणारे ट्रक औगुस्तुव नावाच्या गावातून रात्रंदिवस धावत. अपघात, धूर, हादरे यांनी लोक जेरीला आले होते. गावाला वळणरस्ता हवा होता आणि सरकारने काढलेला वळणरस्ता रोस्पुडा नदीच्या खोऱ्यातल्या दलदलीवरून जात होता. युरोपीय संघाच्या संरक्षित जाळ्यातली ही जागा. फेब्रुवारी २००७ मध्ये काम सुरू झाले, देशभर निदर्शने झाली, युरोपीय आयोग थेट युरोपीय न्यायालयात गेला आणि काम थांबले. औगुस्तुवचे रहिवासी संतापले, आणि त्यांचा संताप खोटा नव्हता. पुढे २००९ मध्ये रात्स्की गावाकडून जाणारा मार्ग निवडला गेला आणि २०१४ मध्ये त्यावर वाहने धावू लागली. दलदल वाचली, गावातले ट्रकही गेले. पण मधली सात वर्षे औगुस्तुवने जी किंमत मोजली ती कोणत्याच तक्त्यात येत नाही. रात्स्कीचा पर्याय आधीच गंभीरपणे तपासला असता, तर ती मोजावी लागली नसती.

पर्याय तपासलाच नाही म्हणून प्रकल्प न्यायालयात कोसळल्याचे सगळ्यांत गाजलेले उदाहरण ब्रिटनचे. स्टोनहेंजच्या दगडी वर्तुळापासून पावणेदोनशे मीटरांच्या आत ए-३०३ हा रस्ता जातो. सुट्टीच्या दिवशी तिथे गाड्यांची रांग लागते, आणि पर्यटक गाडीतूनच फुकटात स्टोनहेंज पाहून घेतात, हा त्या कोंडीचा एकमेव फायदा. १९८६ पासून हा परिसर जागतिक वारसा यादीत आहे. तोडगा म्हणून सुमारे सव्वातीन किलोमीटरच्या बोगद्याची योजना आली. रस्ता जमिनीखालून जाणार, वर शांतता नांदणार. अडचण अशी, की बोगद्याचे पश्चिमेचे तोंड आणि त्यापुढची खोदलेली चर वारसा परिसराच्या आतच पडत होती. बोगदा लांब करा, नाहीतर चर झाका, असे युनेस्को सांगत राहिली. नोव्हेंबर २०२० मध्ये सरकारने मंजुरी दिली. जुलै २०२१ मध्ये उच्च न्यायालयाने ती रद्द केली. लांब बोगदा किंवा झाकलेली चर यांसारखे कमी नुकसानीचे पर्याय मंत्र्यांनी विचारात घ्यायला हवे होते, हे त्यामागचे एक कारण. २०२३ मध्ये पुन्हा मंजुरी, २०२४ मध्ये सत्ताबदल, आणि नव्या सरकारने पैसे नाहीत म्हणून प्रकल्पच गुंडाळला. दशकानुदशके चर्चा करून तो रस्ता आजही जिथल्या तिथेच आहे.

बोगदा हा मुंबईकरांना आता परिचयाचा पर्याय. ठाणे-बोरिवली जुळा बोगदा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाखालून जाणार आहे. सव्वादहा किलोमीटरचा बोगदा, ११.८ किलोमीटरचा एकूण मार्ग, आणि घोडबंदरला घालावा लागणारा वळसा वाचणार. गोरेगाव-मुलुंड जोडरस्त्याचे बोगदेही त्याच उद्यानाच्या पोटातून जातील. वरचे जंगल तसेच राहते, म्हणून हा मार्ग सर्वांना मानवणारा. तरी बोगद्याचे दोन प्रश्न त्याच्या तोंडाशी उभे असतात: मशीन उतरवायला आणि दगड काढायला लागणारी जागा, आणि तो दगड कुठे टाकायचा. शिवाय बोगदा परवडतो तो जिथे दोन्ही टोकांना ठाणे आणि बोरिवली असतात. देवलापारसाठी कोणी बोगदा खणत नाही.

एक पर्याय असाही आहे, ज्यात काहीच बांधायचे नसते. कर्नाटकातल्या बंदीपूर व्याघ्रप्रकल्पातून म्हैसूर-वायनाड रस्ता जातो, आताचा राष्ट्रीय महामार्ग ७६६. २००९ मध्ये चामराजनगरच्या जिल्हाधिकाऱ्यांनी रात्री नऊ ते सकाळी सहापर्यंत वाहतूक बंद केली. २०१० मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने बंदी कायम ठेवली. रुग्णवाहिका आणि मोजक्या बस तेवढ्या जातात. केरळची नाराजी आजतागायत संपलेली नाही. सुलतान बत्तेरीच्या व्यापाऱ्यांना आणि बंगळूरला नोकरी करणाऱ्यांना रात्रीचा प्रवास हवा आहे, आणि गोणिकोप्पलकडून जाणारा पर्यायी रस्ता तीस-पस्तीस किलोमीटर लांब पडतो. जंगलातला काही भाग खांबांवर उचलावा आणि बंदी उठवावी, असा प्रस्ताव २०१८ मध्ये आला. कर्नाटकाने तो स्वीकारला नाही. कारण उघड आहे. बंदीला खर्च शून्य, ती उद्या मागे घेता येते किंवा वाढवताही येते. खांब मात्र एकदा उभे राहिले की वाहतूक वाढतच जाणार, आणि बांधकामाची चार-पाच वर्षे जंगलात यंत्रे, मजूर आणि डंपर राहणार. रस्त्याच्या तक्त्यात ‘वेळ’ नावाचा रकाना असावा, हे बंदीपूरने दाखवले. महाराष्ट्रात हा रकाना फारसा कोणी भरत नाही.

इथे निकड आहे हे सांगायला उदाहरणे शोधावी लागत नाहीत. बोर व्याघ्रप्रकल्पातला बाजीराव हा वाघ डिसेंबर २०१७ मध्ये नागपूर-अमरावती महामार्गावर बाजारगावजवळ वाहनाच्या धडकेत मेला. ऑगस्ट २०२३ मध्ये नवेगाव-नागझिराच्या भ्रमणमार्गात, गोंदिया जिल्ह्यातल्या मुरदोलीजवळ, मोटारीने धडकलेल्या वाघाची सरपटत जाण्याची चित्रफीत घरोघरी पाहिली गेली. या दोन्ही ठिकाणी पेंचसारखा न्यायालयीन लढा झालेला नव्हता. जिथे कोणी वर्षानुवर्षे कोर्टाच्या पायऱ्या झिजवत नाही, तिथे रस्ता जसा येतो तसा येतो.

जिथे खरोखर दुसरी वाटच नाही, तिथे उंचावरचा रस्ता लागतो, आणि त्याचा खरा भाव काझीरंगात दिसतो. ब्रह्मपुत्रेला पूर आला की गेंडे, हरणे, हत्ती दक्षिणेला कार्बी आंगलाँगच्या टेकड्यांकडे निघतात. मध्ये राष्ट्रीय महामार्ग ७१५ आडवा पडलेला. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने कालियाबोर ते नुमालीगढ या ८५.६७ किलोमीटर रस्त्याच्या चौपदरीकरणाला मंजुरी दिली. त्यातले सुमारे ३४ किलोमीटर खांबांवरून जाणार. खर्च ६,९५७ कोटी, म्हणजे सरासरी किलोमीटरला ८१ कोटी. मघाचे पावणेपाच कोटी यांच्या शेजारी ठेवून पाहावेत. जंगलातून रस्ता नीट न्यायचा तर किती लागतात आणि सरकारी दराने जंगलाची किंमत किती धरली जाते, यातले अंतर तिथे दिसते. जंगलाबाहेरचा वळसा महाग ठरवताना तुलना स्वस्त, सपाट, जमिनीवरून जाणाऱ्या रस्त्याशी होते. ती खांबांवरच्या रस्त्याशी करायला हवी. मग अनेक वळसे अचानक परवडू लागतील.

भुयारी मार्गांच्या यशालाही अटी आहेत. कॅनडातल्या बांफ उद्यानात महामार्गावर सहा पूल आणि ३८ भुयारी मार्ग आहेत, आणि प्राण्यांच्या धडका ८० टक्क्यांहून अधिक घटल्या, हे सगळे सांगतात. त्यातला मोठा वाटा कुंपणाचा, हे कमी लोक सांगतात. कुंपण प्राण्याला रस्त्यावर येऊ देत नाही आणि बांधलेल्या वाटेकडे वळवते. कुंपणाशिवाय नुसता पूल म्हणजे चितळावर सोडलेला निर्णय. शिवाय पुलाच्या दोन्ही बाजूंना जंगल उरले पाहिजे. चौपदरी रस्त्याबरोबर ढाबे येतात, रिसॉर्ट येतात, प्लॉटचे फलक लागतात. पुलाची लांबी आखणी करणारा ठरवतो, पण पुलाच्या तोंडाशी काय उगवेल ते तहसीलदार आणि ग्रामपंचायत ठरवते. त्यांच्याशी या आखणीचा संबंध कोणी जोडत नाही.

आणि पर्यायांचा खेळ मुळातच चुकवायचा असेल तर सोपी युक्ती आहे: रस्त्याचे तुकडे करणे. उत्तराखंडातला चारधाम रस्ता सुमारे ९०० किलोमीटरचा. त्याचे शंभर किलोमीटरच्या आतले ५३ तुकडे झाले, आणि पर्यावरण परिणामांचा अभ्यास बंधनकारक राहिला नाही, कारण ती अट शंभर किलोमीटरवरच्या कामांना आहे. रस्ता किती रुंद असावा यावर मग न्यायालयात भांडण झाले. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये साडेपाच मीटरची बाजू घेतली, २०२१ मध्ये संरक्षणाच्या गरजेपुढे ती सोडली. रस्त्याची रुंदी हाही एक पर्यायच होता, आणि कदाचित मार्गापेक्षा मोठा.

गोव्यात मोलेच्या जंगलातून तीन रेषा एकदम आल्या: महामार्गाचे चौपदरीकरण, रेल्वेचे दुसरे रूळ, वीजवाहिनी. लोकांनी तिन्हींचा एकत्र विचार करा म्हटले. केंद्रीय अधिकार समितीने २०२१ च्या अहवालात तो बऱ्याच अंशी केला. वीजवाहिनीसाठी नवी पट्टी तोडण्याऐवजी आधीच्या २२० केव्ही वाहिनीची जागा वापरा, असे सांगितले. रेल्वेच्या दुहेरीकरणाची गरजच पटली नाही, आणि मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याची मंजुरी रद्द केली. ‘गरज आहे का’ हा प्रश्न भारतात एखाद्या लांबट प्रकल्पाला इतक्या स्पष्टपणे विचारला जाणे दुर्मीळ.

तो विचारायची वेळ महाराष्ट्रात सध्या आहे. पवनारपासून पत्रादेवीपर्यंतचा, मूळ आखणीत ८०२ किलोमीटरचा शक्तिपीठ महामार्ग अजून बराचसा कागदावर आहे. कोल्हापूर, सांगलीकडच्या शेतकऱ्यांनी बागायती जमीन देणार नाही म्हणून मोर्चे काढले, निवडणुकीत त्याचे पडसाद उमटले, आणि सरकारला आखणीचा पुनर्विचार करावा लागला. म्हणजे रेघ हलते. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरून खाली सिंधुदुर्गात उतरतानाचे शेवटचे अंतर मात्र सावंतवाडी-दोडामार्गच्या भागात जाते. त्या पट्ट्यात उच्च न्यायालयाने वृक्षतोडीला बंदी घातलेली आहे, कर्नाटकातून हत्ती तिथे उतरतात, तिळारीचे संवर्धन राखीव क्षेत्र तिथेच आहे. घाट कुठून उतरावा, किती रुंद उतरावा, की कोल्हापूरहून कोकणात उतरणारे आंबोली, फोंडा, गगनबावड्याचे जुनेच घाट सुधारून भागेल, याचा तक्ता लोकांपुढे ठेवायला अजून उशीर झालेला नाही. दोन्ही बाजूंचे काम सुरू झाले की होईल.